लेव्ही बुडवून मिळणारे नऊशे रुपये

नमस्कार ताई,

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, आमच्या गावच्या मार्केट यार्डात माथाडी आहेत. गावाचं नाव छापू नका, यार्डात सगळे एकमेकांना ओळखतात. हळदीच्या गाळ्यांवर त्यांची १४ जणांची टोळी आहे. आप्पा ५७ वर्षांचे आहेत, टोळीत २८ वर्षं झाली. हमालीची मजुरी माथाडी मंडळात, म्हणजे हमालांसाठी कायद्याने स्थापन झालेल्या मंडळात, जमा होते आणि तिथून त्यांच्या बँक खात्यावर येते. महिन्याला सरासरी १८,००० रुपये पडतात. त्यावर व्यापारी ३५ टक्के लेव्ही, म्हणजे पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा यांसाठीची रक्कम, वेगळी भरतात.

दिवाळीनंतर एका मोठ्या गाळ्याच्या मालकाने मुकादमाला बोलावून सांगितलं, "निम्मं काम मंडळात दाखवू, निम्मं रोखीत करू. रोखीच्या कामाला शंभराला दहा रुपये जास्त देतो. लेव्ही भरून काय होतं, निम्मी तर साहेबलोकच खातात." आता बाकीचे गाळेवालेही तेच म्हणायला लागलेत. टोळीतले ९ जण तयार आहेत. त्यातले बहुतेक पंचविशीचे. आप्पा आणि जुने ४ जण नाही म्हणतात, पण का नाही ते त्यांना पटवून सांगता येत नाही. माझा भाऊ तर म्हणतो, मंडळातलं नाव काढा, पीएफ काढून मला टेम्पोला डाउन पेमेंट द्या.

मी एका सीएंच्या ऑफिसात टॅलीवर काम करते. आप्पा म्हणाले, "तुला आकडे कळतात, रविवारच्या बैठकीत तूच बोल." ताई, मंडळात सगळं आलबेल आहे असं मलाही वाटत नाही. पासबुक दोन-दोन वर्षं भरून मिळत नाही. अशा मंडळाची बाजू घेऊन मी उभी राहू का? आणि काय बोलू?

— हमालाची लेक

प्रिय लेकी,

उभी राहा. आणि टॅलीवाली आहेस तर भाषण करू नकोस, हिशेब मांड. बैठकीत "एकजूट" हा शब्द निघाला की पंचविशीची पोरं मोबाइल काढतात. आकडा निघाला की कान टवकारतात.

आधी आप्पांचाच हिशेब घेऊ. १८,००० पैकी ९,००० रोखीत गेले तर मालक शंभराला दहा जास्त देणार, म्हणजे आप्पांच्या हातात महिन्याला ९०० रुपये जादा. त्याच ९,००० वर मालकाला ३५ टक्क्यांनी ३,१५० रुपये लेव्ही भरावी लागली असती. त्यातले ९०० त्याने टोळीला दिले आणि २,२५० स्वतःच्या गल्ल्यात ठेवले. हे बैठकीत फळ्यावर लिही, फळा नसेल तर एखाद्या रिकाम्या बारदानावर खडूने लिही. मालक जे "जास्त" देतोय ते तुमच्याच पैशांतून देतोय, तेही रुपयातले चार आण्यांच्या आसपास.

पोरं म्हणतील, पाकिटात तर त्याहून जास्त वाटतं. वाटणारच. रोखीच्या रकमेतून आप्पांचा स्वतःचा पीएफही कापला जात नाही. पण तो वाढलेला पगार नाही. त्यांचाच पैसा पीएफच्या खात्याऐवजी खिशात आला, आणि खिशातला पैसा किती दिवस टिकतो हे तुझ्या आईला विचार.

आता खरी मेख. "निम्मं-निम्मं" हा प्रस्ताव ऐकायला मधला मार्ग वाटतो. माझ्या मते तो मंडळ सरळ सोडण्यापेक्षा वाईट आहे, निदान आप्पांसारख्या निवृत्तीला टेकलेल्या माणसासाठी. कारण ग्रॅच्युइटी, म्हणजे काम सोडताना नोकरीच्या वर्षांच्या हिशेबाने मिळणारी एकरकमी रक्कम. १९७२ च्या कायद्यापासून चालत आलेलं सूत्र असं: शेवटच्या मासिक मजुरीला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. ज्यांची मजुरी कामाच्या नगावर ठरते, त्यांची "शेवटची मजुरी" म्हणजे काम सोडण्याआधीच्या तीन महिन्यांची सरासरी. नीट बघ, २८ वर्षांची सरासरी नाही, शेवटच्या तीन महिन्यांची. आणि तो एक आकडा मागच्या सगळ्या वर्षांना गुणतो. आज मंडळ सोडलं तर निदान तो आकडा पूर्ण मजुरीचा असतो.

आप्पा साठीला निवृत्त झाले तर ३१ वर्षं भरतील. मजुरी १८,००० दिसत असेल तर या सूत्राने सुमारे ३ लाख २२ हजार होतात. तीच मजुरी कागदावर ९,००० दिसली तर १ लाख ६१ हजार. म्हणजे आणखी ३ वर्षं दर महिन्याला ९०० रुपये जादा घेऊन आप्पांनी कमावले ३२,४००, आणि निवृत्तीच्या दिवशी गमावले १ लाख ६१ हजार. बोनस, रजेचा पगार, पीएफमधला मालकाचा वाटा हे मी यात धरलेलंच नाही. तुमच्या मंडळाच्या योजनेत ग्रॅच्युइटीची रीत थोडी वेगळी असू शकते, ती सचिवांच्या कार्यालयातून लेखी घे. आकडा पुढे-मागे होईल, दिशा बदलणार नाही: कागदावर मजुरी कमी तर म्हातारपणी पैसा कमी.

जाता जाता एक गोष्ट, जी टोळीतल्या जुन्यांनाही बहुधा कुणी सांगितली नसेल. तुमच्याकडे हळदीचा हंगाम चार-पाच महिन्यांचा. मंडळ शेवटच्या तीन महिन्यांची सरासरी धरत असेल आणि माणूस ऐन मंदीत निवृत्त झाला, तर त्या मंदीची सरासरी ३१ वर्षांना गुणली जाईल. म्हणून नियम आत्ताच विचारून ठेव.

तुला "का" सांगायचं आहे, त्यासाठी मात्र थोडं मागे जावं लागेल.

हमालाला मालक कोण, हा प्रश्न साधा वाटतो, पण सगळं अडतं तिथेच. आप्पा सकाळी एका अडत्याच्या गाळ्यावर पोती उतरवतात, सौदा झाला की दुपारी दुसऱ्या खरेदीदाराच्या गोदामात थप्पी लावतात, संध्याकाळी तिसऱ्याचा ट्रक भरतात. तिघांपैकी कुणीही म्हणू शकतो, हा माझा कामगार नाही, माझ्याकडे दोन तास होता. आणि कायदाही त्याचं म्हणणं उचलून धरतो. पीएफचा केंद्रीय कायदा सर्वसाधारणपणे २० किंवा त्याहून जास्त कामगारांच्या आस्थापनांना लागतो, ग्रॅच्युइटीचा १० किंवा त्याहून जास्त. गाळ्यावर असतात किती? एक दिवाणजी, एक काटा बघणारा, एक पोऱ्या. प्रत्येक गाळा वेगळा धरला तर सगळं यार्ड दोन्ही कायद्यांच्या चाळणीतून खाली पडतं, आणि त्याच यार्डात शेकडो माणसं जन्मभर ओझं वाहतात.

१९६९ आधी मुंबईच्या दाणाबंदरात, मस्जिद बंदरात हेच चित्र होतं. क्विंटलभराची पोती पाठीवर, फळीवरून पाय घसरला तर कुणाचीच जबाबदारी नाही, आणि थकला की गावची एसटी. ही माणसं बहुतेक आपल्याच भागातली, सातारा-सांगलीकडची. त्यांना बांधणारे अण्णासाहेब पाटीलही पाटण तालुक्यातले. त्यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा आला. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायतीतून हेच काम वेगळ्या वाटेने उभं केलं. पोत्याचं वजन ५० किलोवर आणण्याची लढाईही हमालांच्या संघटनांनीच लढवली. आप्पांची पाठ ५७ व्या वर्षी शाबूत असेल तर त्यात या लढाईचा वाटा आहे, हे त्या ९ पोरांना कुणीतरी सांगायला हवं.

त्या कायद्याने "मालक कोण" या वादात पडणंच सोडलं. गाळे कितीही असोत, कामगार आज इथे उद्या तिथे असो, सगळ्या मालकांनी एका मंडळात नोंद करायची, मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही तिथे भरायची, आणि कामगाराची वर्षं मंडळाच्या वहीत मोजली जायची. गाळा बंद पडला, मालक बदलला, भागीदारी फुटली तरी आप्पांची २८ वर्षं २८ च राहतात. मंडळावर मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान, जोडीला सरकारचे. व्यापाऱ्याने लेव्ही थकवली तर ती जमीन महसुलासारखी वसूल करता येते. कष्टकऱ्यांसाठी असं दातेरी कलम फार थोड्या कायद्यांत आहे.

दात नसले की काय होतं तेही याच राज्यात दिसतं. घरेलू कामगारांसाठी महाराष्ट्राने २००८ मध्ये कायदा करून कल्याण मंडळ काढलं. कल्पना तीच: चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला चार मालकिणी, म्हणून एक मंडळ. पण मालकिणींवर माथाडीसारखी लेव्ही बसवली नाही. मग मंडळ सरकारी अनुदानाच्या तोंडाकडे बघत राहतं, आणि बाईच्या नावावर महिन्यामागून महिना काही साठत नाही. उलट खासगी सुरक्षारक्षकांसाठी १९८१ चा कायदा माथाडीच्या साच्यावर बेतला, लेव्हीसकट, आणि त्या मंडळांतल्या रक्षकाला पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस मिळतो. कायद्याच्या नावात "कल्याण" आहे की नाही यापेक्षा पैसा कोण भरतो हे आधी बघावं, या मताची मी आहे.

पंचविशीच्या पोरांना इतिहासात रस नसेल तर त्यांना त्यांच्या मित्रांबद्दल विचार. त्यातले दोन-चार नक्की शहरात ॲपवर डिलिव्हरी करत असतील. हमालाचं जे होतं तेच त्यांचं झालंय: कंपनी म्हणते तुम्ही आमचे कामगार नाही, "पार्टनर" आहात. त्यांच्यासाठी केंद्राच्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आता काय लिहिलंय? कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम एका निधीत भरावी. राजस्थानने २०२३ मध्ये त्यांच्यासाठी वेगळा कायदा केला, त्यातही मंडळ आहे आणि दर व्यवहारावर शुल्क आहे. म्हणजे मोबाइलवाली पोरं आज जे मागतायत, ते तुमच्या टोळीच्या हातात १९६९ च्या कायद्यामुळे आधीच आहे, आणि ही ९ जणं ते शंभराला दहा रुपयांत विकायला निघालीत.

त्यांच्यासाठीही एक हिशेब कर. समजा एकाच्या नावावर पीएफमध्ये, त्याचं आणि लेव्हीतलं मिळून, महिन्याला २,००० पडतात. व्याज ८ टक्के धरलं आणि ३५ वर्षं हात लावला नाही, तर ४० लाखांच्या वर जातात. हे उदाहरण आहे, व्याजदर दरवर्षी बदलतो, आणि ३५ वर्षांनंतरच्या ४० लाखांत आजच्या ४० लाखांएवढं काही येणार नाही. तेही सांग, नाहीतर एखादा हुशार पोरगा तिथेच पकडेल. पण त्यालाच उलट विचार, रोखीच्या ९०० मधून तू असं किती बाजूला टाकशील? खरं सांग म्हणावं.

आणि अपघात. थप्पी कोसळली, ट्रकची फळी सटकली, पोत्याला लावलेला हूक मांडीत घुसला. रोखीच्या कामात त्या दिवशी तू तिथे होतास याचा कागद नसतो. मालक चांगला असेल तर दवाखान्याचं बिल देईल आणि हातात दोन हजार ठेवेल. पण ती त्याची मर्जी झाली. हजेरीवर नाव असेल तर भरपाई मागता येते, आणि कुणाकडे मागायची हा प्रश्न राहत नाही. हळदीच्या धुळीने छाती भरणारी माणसं आहात तुम्ही. पंचविशीत ती धूळ आंघोळीबरोबर जाते, पन्नाशीत जात नाही.

आता तुझी खरी अडचण: मंडळ धड चालत नाही, मग त्याची बाजू कशी घ्यायची?

बाजू मंडळाच्या साहेबांची घ्यायची नाही, वहीची घ्यायची. पासबुक दोन वर्षं भरलेलं नाही, ही तक्रार शंभर टक्के खरी धरून चालते, कारण अशी पत्रं मला दुसऱ्या गावांहूनही येतात. कुठे व्यापारी लेव्ही थकवतात आणि निरीक्षक फिरकत नाहीत, कुठे नोंदीत भलतीच नावं घुसतात. त्याशिवाय माथाडीच्या नावावर खंडणी मागणारे आहेतच. काम न करता गेटवर उभं राहून वाराईच्या, म्हणजे माल चढवल्या-उतरवल्याच्या मजुरीच्या, पावत्या फाडतात, कारखानदार वैतागतात आणि बदनाम खरा हमाल होतो. याबद्दल व्यापारी बोलले तर "तसं काही नाही" म्हणू नकोस. म्हण, "आहे, आणि त्यांना हाकलायला आम्ही तुमच्याबरोबर येतो." बोगस माथाडीचा सगळ्यात मोठा तोटा टोळीलाच होतो.

पण वहीत घोळ आहे म्हणून वहीच फाडायची, हा हिशेब कुठला? मालक म्हणतो निम्मी लेव्ही साहेब खातात. त्याला विचार, कागद दाखवा. त्याच्याकडे नसेल तर तू मिळव. मंडळ हे कायद्याने स्थापन झालेलं सार्वजनिक प्राधिकरण आहे, म्हणजे माहिती अधिकार त्याला लागू आहे. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून आप्पांच्या नावाने अर्ज टाक, उत्तराची मुदत ३० दिवस. मोघम लिहू नकोस. "मंडळाचा कारभार कसा चालतो" असं विचारलंस तर उत्तरही तसंच मोघम येईल. विचार असं: लेव्हीच्या ३५ टक्क्यांची फोड काय, पीएफ किती, ग्रॅच्युइटी किती, बोनस किती, रजा किती, प्रशासनाला किती, आप्पांच्या नोंदणी क्रमांकावर गेल्या पाच आर्थिक वर्षांत दर वर्षी किती जमा आणि किती व्याज, आमच्या यार्डातल्या कोणकोणत्या नोंदीत मालकांकडे लेव्ही थकीत आहे आणि वसुलीसाठी काय केलं. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ती यादी मिळाली की तुमच्या बैठकीचा रंगच बदलेल. कारण जो मालक आज "मंडळ काही कामाचं नाही" म्हणतोय, त्याचं नाव त्या यादीत असण्याची शक्यता मला बरीच वाटते. माझी शंका आहे, पुरावा नाही, तेव्हा यादी हातात येईपर्यंत बैठकीत बोलू नकोस.

पासबुकासाठी माहिती अधिकाराचीही गरज पडू नये. टोळीतल्या सगळ्यांच्या सह्यांचं एक पत्र सचिवांच्या नावे, आवक शिक्का मारून घेतलेली प्रत स्वतःकडे. एकट्याचं पत्र टेबलावर पडून राहतं, चौदा सह्यांचं पत्र सहसा वर सरकतं. त्या ९ जणांच्या सह्याही घे. पासबुक भरून हवं यावर त्यांचं-तुमचं दुमत नाही, आणि एकदा एका कागदावर सह्या झाल्या की पुढचं बोलणं सोपं जातं. त्याच फेरीत सगळ्यांची नामांकनं तपासा. तीस वर्षांपूर्वी भरलेल्या फॉर्मवर आईचं नाव असतं, आई जाऊन वीस वर्षं झालेली असतात, आणि बायकोचं नाव कुठेच नसतं.

व्यापाऱ्यांशी बोलायची वेळ येईल, तेव्हा त्यांना खलनायक ठरवू नकोस. लेव्ही भरणाऱ्या गाळ्याशेजारी न भरणारा गाळा असेल तर भरणाऱ्याला दर पोत्यामागे तोटा होतो, आणि त्याची चिडचिड खरी आहे. त्याचा इलाज मात्र त्यानेही बुडवणं नव्हे, शेजाऱ्याने भरणं. शिवाय मंडळामुळे त्याला हमालाचं रजिस्टर ठेवावं लागत नाही, पीएफचं चलन भरावं लागत नाही, अपघात झाला तर एकट्याने निस्तरावं लागत नाही. महिन्याचा एक चेक दिला की सुटला. हे सगळं एकट्या गाळ्याने करायचं म्हटलं तर तुझ्यासारखी एक टॅलीवाली फक्त त्यासाठी ठेवावी लागेल.

एका गाळ्याने पाय काढला तर काय होतं, याचा मोठा दाखला अमेरिकेत आहे. तिथे १९४७ च्या कायद्यानंतर मालक आणि युनियन यांच्या समसमान विश्वस्तांचे सामाईक पेन्शन फंड वाढले: ट्रकचालक, बांधकाम मजूर, खाणकामगार, म्हणजे मालक बदलत राहणारीच माणसं. ट्रकचालकांच्या सेंट्रल स्टेट्स या फंडातल्या कंपन्या १९८० नंतर एकेक करून बुडाल्या किंवा बाहेर पडल्या, आणि सगळ्यांच्या म्हाताऱ्यांचा भार उरलेल्यांवर आला. बाहेर पडणाऱ्याने आपल्या वाट्याची देणी चुकती करून जावं, असा कायदा तिथे १९८० मध्येच झाला होता. बुडालेल्या कंपनीकडून वसूल काय करणार? शेवटी २०२२ च्या डिसेंबरात सरकारने सुमारे ३६ अब्ज डॉलर ओतून तो फंड वाचवला. आपलं मंडळ तसं बुडणार नाही, कारण तिथे मरेपर्यंत ठरावीक पेन्शनचं वचन होतं आणि आपल्याकडे पीएफ ज्याच्या त्याच्या नावावर साठतो. पण मंडळाचा कारभार, निरीक्षक, दवाखान्याची मदत हे सगळं लेव्हीवरच चालतं. आज मोठ्या गाळ्याने निम्मं काम लपवलं की उद्या उरलेल्यांसाठी लेव्हीचा दर वाढवायची वेळ येते, आणि मग तेही लपवतात. मालकांमधल्या प्रामाणिक लोकांना हे चटकन कळतं, धंदा कळतो त्यांना.

पेन्शनचा विषय निघालाच आहे तर एक गैरसमज काढून टाक. मंडळातून जे मिळतं ते मुख्यतः एकरकमी असतं. दर महिन्याला बँकेत येणारी पेन्शन मिळणार या भरवशावर आप्पा असतील तर ती तुमच्या मंडळात आहे का हे आधी विचारून घे. नसेल तर त्या रकमेचं महिन्याच्या उत्पन्नात रूपांतर तुलाच करावं लागेल. अटल पेन्शन योजनेचं दार आप्पांना बंद आहे, ती ४० वर्षांपर्यंतच घेता येते. साठीनंतर पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे, तिचं व्याज दर तिमाहीला मिळतं. दरमहा हवं असेल तर मासिक उत्पन्न योजना. दर सरकार तिमाहीला ठरवतं, त्या वेळी पोस्टात बघ. टोळीतल्या २५ वर्षांच्या पोराला मात्र अटलमध्ये महिन्याला ३७६ रुपये भरून साठीपासून ५,००० रुपयांची पेन्शन घेता येते, तो आयकर भरत नसेल तर. मंडळ सोडून हे करू नये, मंडळाच्या जोडीला करावं.

भावाच्या टेम्पोचं काय? आप्पांच्या पीएफमधून नाही. टेम्पोला मुद्रा कर्ज मिळतं, म्हातारपणाला कुठलीच बँक कर्ज देत नाही. टेम्पो चालला तर उत्तमच, आणि यार्डातलाच माल वाहिला तर टोळीशी रोज गाठ पडेल. पण डाउन पेमेंट त्याचं त्याने जमवावं. तो रुसेल. तू कमावती आहेस, थोडा हातभार लावायचा तर तुझ्या पगारातून लाव, तेही लिहून ठेवून.

रविवारी तू बोलण्याआधी आप्पांना आणि त्या ४ जुन्या माणसांना पुढे बसव. मुलगी टोळीच्या बैठकीत बोलते याचंच काहींना आधी पोटात दुखेल. मुकादमाला शनिवारीच भेटून घे. तो कुठल्या बाजूला आहे ते तू लिहिलेलं नाहीस, आणि मला वाटतं निकाल तिथेच लागेल, कारण टोळीचं बिल तो करतो आणि मालकाने बोलावलंही त्यालाच होतं. त्याला एकट्याला एवढंच विचार: निम्मं काम रोखीत झालं आणि एखादा जखमी झाला, तर त्या दिवशीच्या हजेरीवर सही कुणाची असेल? उत्तर त्याला द्यायचं आहे, तू गप्प राहा.

बारदानावरचे आकडे आधी घरी एकदा आप्पांना मोठ्याने वाचून दाखव. त्यांना पटले तर ते त्यांनीच सांगावेत, तू फक्त खडू धर. माहिती अधिकाराचा अर्ज सोमवारी टाक, बैठकीत काहीही ठरो.